हवामान बदलाचा तास तापीकाठी भरू द्या

शहादा तालुक्यातील प्रकाशा हे गाव तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर आहे. केदारेश्वराच्या दर्शनाला, श्राद्धविधीला आणि अस्थिविसर्जनाला खान्देशातून, तसेच शेजारच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक येथे येतात. काशीयात्रा केली तरी प्रकाशाला आल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, अशी या भागात श्रद्धा आहे. त्यावरूनच गावाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना मात्र हे गाव आणखी एका कारणासाठी माहीत आहे. १९५५ मध्ये बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथील पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाण युगातील वस्ती, तिच्यावर लोहयुग आणि त्यावर ऐतिहासिक काळ, असे थर एकावर एक सापडले. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही या संगमावर माणसे राहत होती.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या बहुतेक वस्त्या इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडू लागल्या. पाऊसमान घटणे हे त्यामागचे मोठे कारण असावे, अशी मांडणी इनामगावचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी केली होती. हवामान आणि माणसाची वस्ती यांचा संबंध शिकवायला प्रकाशापेक्षा चांगली जागा शोधून सापडणे कठीण. तरीही पदवीच्या वर्गात हवामान बदल हा विषय येतो तो उत्तर ध्रुवावरच्या अस्वलांसह आणि वितळणाऱ्या हिमनगांसह. परीक्षेत ‘हरितगृह परिणाम म्हणजे काय? सविस्तर लिहा’ असा प्रश्न येतो. विद्यार्थी उत्तर लिहितो, गुण मिळवतो आणि सुटीत घरी जाऊन वडिलांसोबत पपईच्या बागेत उभा राहतो. यंदा फुलगळ का झाली, याचा त्या उत्तराशी काही संबंध आहे का, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हा विषय नंदुरबार जिल्ह्यासाठी दूरचा नाही. महाराष्ट्राच्या हवामान बदल अनुकूलन आराखड्यासाठी ‘टेरी’ या संस्थेने राज्य शासनाच्या वतीने अभ्यास केला. २०१४ मध्ये आलेल्या त्या अहवालात हवामान बदलाचा फटका बसण्याची शक्यता सर्वाधिक असलेला जिल्हा म्हणून नंदुरबारचे नाव पहिले होते. याचा अर्थ राज्यात सर्वांत जास्त ऊन किंवा सर्वांत मोठे पूर याच जिल्ह्यात येतात, असा नाही. आलेला धक्का सोसण्याची ताकद येथे सर्वांत कमी आहे, असा त्याचा अर्थ. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून तिच्यातील ६९ टक्क्यांच्या आसपास लोक आदिवासी आहेत. बरीचशी शेती पावसावर, दवाखाना लांब, कुपोषण जुने आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणारी कुटुंबे हजारोंनी. पाऊस आठ दिवस लांबला तर सधन जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे नुकसान होते. येथे त्यातून मुलाची शाळा सुटते.

हवामान बदलते आहे का, याचे उत्तर आता मोजमापात उपलब्ध आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याचे त्यात नोंदवले आहे. १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पावसात सुमारे सहा टक्के घट झाली. त्याच वेळी मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना मात्र १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पाऊस एकूण कमी आणि पडला की धो-धो, हे शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य या आकड्यांतही आहे. त्यामागचे विज्ञान अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. बाष्प साठायला वेळ लागतो आणि साठले की ते एकदम रिते होते.

लोकांना बदल जाणवतो, पण त्याला नाव देता येत नाही. येल विद्यापीठ आणि सी-व्होटर यांच्या २०२२ च्या भारतातील पाहणीत ५४ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीबद्दल फारच थोडे ऐकल्याचे किंवा काहीच न ऐकल्याचे सांगितले. तीच गोष्ट दोन वाक्यांत समजावून सांगितल्यावर ८४ टक्के लोकांनी ‘हे घडते आहे’ असे उत्तर दिले. अनुभव आहे आणि शब्द नाहीत, अशी ही स्थिती आहे.

मराठीत तर शब्दाचाही घोळ आहे. ‘आजचे हवामान’ आणि ‘हवामान बदल’ यांत एकच शब्द येतो. एका दिवसाची हवा आणि तीस वर्षांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शब्दातून कळत नाही. मग ‘हवामान तर रोजच बदलते, त्यात नवीन काय?’ असा प्रश्न विद्यार्थ्याला पडला, तर दोष त्याचा नाही. शासनाच्या खात्याने ‘वातावरणीय बदल’ असा शब्द घेतला आणि हिंदीत ‘जलवायू परिवर्तन’ म्हणतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरची भाषा अहिराणी, भिली किंवा पावरी आहे, त्याला हे तिन्ही शब्द परकेच. त्याच्या घरात मृग कोरडा गेला की बरसला, आर्द्रात पेरणी झाली का, हस्ताने कपाशी भिजवली का, असा हिशोब चालतो. नक्षत्रांचा हा हिशोब म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पावसाची वहीच आहे. वर्ग तिथून सुरू करता येतो. आजोबांच्या आठवणीतला मृग आणि गेल्या दहा वर्षांतला मृग शेजारी शेजारी मांडला, की सरासरी म्हणजे काय आणि बदल म्हणजे काय हे फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा लवकर कळते. आठवण फसवीही असते. तीस वर्षांपूर्वीचा चांगला पाऊस लक्षात राहतो आणि वाईट विसरला जातो. म्हणून आठवण नोंदीशी ताडून पाहायला शिकणे हाही विज्ञानाचाच धडा ठरतो.

पर्यावरण शिक्षण सक्तीचे नाही, अशी तक्रार करण्याची सोय देशात राहिलेली नाही. महेशचंद्र मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर शिकवावा, असा निर्देश दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी समान अभ्यासक्रम आणला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आयोगाने २०२३ मध्ये त्याची पुनर्रचना केली आणि किमान चार श्रेयांक ठेवले. हवामान बदल, त्याचे परिणाम आणि अनुकूलन हे त्यात स्पष्टपणे आले आहे. युनेस्कोने २०२१ मध्ये शंभर देशांचे शालेय अभ्यासक्रम तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांत हवामान बदलाचा उल्लेखही आढळला नव्हता. त्या मानाने भारतात कागदावर बरेच काही आहे.

अडचण पुढे आहे. सक्तीचा विषय अनेक ठिकाणी उरकण्याचा विषय झाला. बाजारात तयार ‘प्रकल्प’ मिळतो, तो सुंदर अक्षरात उतरवून काढला जातो. ५ जूनला रोप लावतानाचे छायाचित्र, भित्तिपत्रक स्पर्धा, शपथ आणि प्रमाणपत्र एवढ्यात वर्षाचे काम संपते. लावलेल्या रोपाला पुढच्या मे महिन्यात पाणी कोणी घातले, याची नोंद कुठल्याही मूल्यमापनात नसते. यात शिक्षकांना दोषी धरणे सोपे आहे, पण अन्यायाचेही आहे. हा विषय बहुधा ज्याच्याकडे तास कमी आहेत त्याच्याकडे जातो, मग तो इतिहासाचा असो की वाणिज्याचा. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि शंभर-दीडशेचा वर्ग, यांत त्याने नदीकाठी न्यायचे तरी किती जणांना?

तरीही मार्ग आहे आणि तो याच विद्यापीठाच्या इतिहासात दिसतो. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या, १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बांभोरीजवळचे उजाड टेकड्यांचे माळरान मिळाले होते. पाणी अडवून, जिरवून आणि झाडे जगवून तो परिसर हिरवा झाला. २०१८ मध्ये या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या, पण शेत, पाऊस आणि माती यांचे बारीक भान असलेल्या एका शेतकरी बाईचे नाव विद्यापीठाच्या दारावर आहे, ही साधी गोष्ट नाही. जळगावच्या टेकडीवर जे जमले, ते दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या प्रकाशापर्यंत आणि त्याही पुढे धडगावच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचणे हा आता खरा प्रश्न आहे. विद्यापीठाचे आवार म्हणजे कुंपणाच्या आतली जमीन एवढेच मानले, तर उत्तर जळगावातच संपते. संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे गाव हेही विद्यापीठाचेच आवार मानले, तर प्रकाशा ही तयार प्रयोगशाळा आहे.

या प्रयोगशाळेत नदीचा धडा पहिला. तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. वरच्या बाजूला पाऊस झाला, जळगाव जिल्ह्यातील हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, की पाणी सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बॅरेजमधून पुढे उकाई धरणाकडे जाते. प्रकाशाच्या घाटावर पाणी चढते तेव्हा गावात पाऊस नसतोही. हा पूर हवामान बदलाचा की धरणाच्या दरवाजांचा? ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाली, तेव्हा अतिवृष्टीइतकीच उकाईतून पाणी सोडण्याच्या वेळेचीही चर्चा झाली. प्रत्येक आपत्ती ‘हवामान बदला’च्या खाती टाकणे अधिकाऱ्यांना सोयीचे असते, कारण त्यात जबाबदार कोणीच राहत नाही. पाऊस किती पडला, पाणी किती सोडले, नदीपात्रात बांधकाम किती झाले, हे वेगवेगळे मोजून पाहायला शिकलेला तरुण अशा सबबीला फसणार नाही. हवामान साक्षरतेचा हा भाग पोस्टरवर कधीच येत नाही.

दुसरा धडा उष्णतेचा, आणि तो थेट आरोग्याचा आहे. माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनातून थंड राहते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि ४० अंशांचे ऊन ४५ अंशांसारखे बाधते. रात्रीचे किमान तापमान उतरले नाही, तर दिवसभर शेतात राबलेल्या शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त झाले, की उष्णतेची लाट धरतात. ४५ अंशांवर गेले तर सरासरी पाहायची गरजच उरत नाही.

नंदुरबारमध्ये याला एक खास पदर आहे. येथील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या रुग्णांच्या शरीरात पाणी कमी पडले, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकारात वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. ऊन, श्रम आणि तहान यांची गाठ पडणे या रुग्णांसाठी धोक्याचे असते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिच्यात तपासणी आणि रंगीत कार्डे आहेत. मात्र एप्रिल-मे महिन्यांत सिकलसेलच्या रुग्णाने उसाच्या फडात काम करावे का, पाणी किती प्यावे, कोणत्या वेळी घरी थांबावे, हे त्याच्या बोलीत सांगणारा माणूस गावात लागतो. त्याच गावातून महाविद्यालयात जाणारी मुलगी हे काम कोणत्याही पत्रकापेक्षा चांगले करू शकते. त्यासाठी तिच्या हवामान बदलाच्या तासात रक्तवाहिनीचे चित्र यायला हवे.

शिक्षणसंस्थेच्या मोजमापातून माणसे वाचतात, याचे उदाहरण शेजारीच आहे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची तीव्र लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. उष्माघाताच्या नोंदीत ते आले नव्हते. हृदय, मूत्रपिंड आणि वार्धक्य अशा नावांनी ते विखुरले होते. गांधीनगरची भारतीय लोकस्वास्थ्य संस्था आणि महापालिका यांनी इतर भागीदारांसह तापमान आणि मृत्यू यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या, तेव्हा चित्र दिसले. त्यातून २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार झाला. यात महागडे यंत्र काही नव्हते. दोन खात्यांच्या वह्या शेजारी ठेवण्याची बुद्धी होती. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रोजच्या रुग्णसंख्येचा आकडा, नावे न घेता, आणि महाविद्यालयाच्या तापमापकाची नोंद शेजारी ठेवणे हे पदवीचा विद्यार्थी सहज करू शकतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की ज्यांनी हवा तापवली नाही त्यांनाच धडे का? भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. धडगावच्या पाड्यावरील कुटुंबाचा वाटा तर नगण्यच. याच जिल्ह्यातील ३३ गावे सरदार सरोवर प्रकल्पाने बाधित झाली आणि त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा आणि शहादा तालुक्यांत वसवली गेली. विकासाची किंमत एकदा मोजलेल्या घरातील मुलाला ‘दिवे बंद करा, वीज वाचवा’ असे सांगणे ही थट्टा ठरेल. हा आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच येथील शिक्षणाचा भर सवयी सुधारण्यावर नको. तो धोका ओळखण्यावर, हक्क समजण्यावर आणि भरपाई मागता येण्यावर हवा. राज्यातील पीक विम्याचे अनेक निर्णय महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर अवलंबून असतात. तो आकडा कुठून येतो, केंद्र शेतापासून किती लांब आहे, हे समजणारा तरुण गावाच्या किती उपयोगी पडेल!

दुसरा आक्षेप असा, की विद्यार्थ्यांच्या नोंदींना शास्त्रात किंमत काय? हवामान विभागाच्या प्रमाणित केंद्राची जागा त्या घेणार नाहीत, हे खरे. पण जिल्ह्याला काही मोजक्याच ठिकाणच्या नोंदी मिळतात आणि सातपुड्याच्या उतारावर दहा किलोमीटरवर पाऊस बदलतो. त्यातच देशभरातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. स्थानिक माहिती कमी होत असताना रोज सकाळी साडेआठला, एकाच जागी, एकाच पद्धतीने घेतलेली नोंद टाकाऊ म्हणता येत नाही. आणि समजा, ती शास्त्रज्ञांच्या कामी आली नाही, तरी रोज नोंद घेणारा विद्यार्थी आकड्यावर विश्वास कधी ठेवावा आणि कधी शंका घ्यावी, हे शिकतो. अफवांच्या काळात हे शिक्षण थोडके नाही.

यासाठी नवा विभाग, नवी इमारत किंवा नवे पद मागण्याची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयात एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापक आणि आर्द्रतेसाठी ओला-कोरडा तापमापक बसवावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दत्तक गावात होतेच. त्यातील दोन दिवस गावाची उष्णता आणि पाणी यांची पाहणी करण्यास द्यावेत. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. ते पर्यावरणाच्या चार श्रेयांकांशी जोडले, तर वेळेचा प्रश्न बराच सुटेल. प्रकल्पाचे मूल्यमापन फाइलच्या जाडीवर न करता विद्यार्थ्याने ग्रामसभेत किंवा आशा सेविकांच्या बैठकीत आपल्या बोलीत काय मांडले, यावर करावे. विद्यापीठाच्या पर्यावरण व भूविज्ञान प्रशाळेने या नोंदींचा सामायिक नमुना ठरवून द्यावा आणि दरवर्षी तीन जिल्ह्यांचे संकलन मराठीत प्रसिद्ध करावे. एक निर्णय तर विद्यापीठ स्वतःपुरता आजही घेऊ शकते. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या सत्रात होणाऱ्या परीक्षा सकाळी घ्याव्यात आणि केंद्रावर थंड पाण्याची सोय सक्तीची करावी. हवामान बदल शिकवणाऱ्या संस्थेने आपले वेळापत्रक हवामान पाहून बदलले, तर विद्यार्थ्याला त्या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागणार नाही.

ताम्रपाषाण युगातील शेतकऱ्यांना पाऊस हटत चालल्याचे कळायला कित्येक पिढ्या लागल्या असतील. त्यांच्याजवळ मोजण्याचे साधन नव्हते आणि बदल संथ होता. आजचा बदल एका माणसाच्या आयुष्यात दिसण्याइतका वेगवान आहे आणि मोजायचे साधन चारआठ हजारांत मिळते. येत्या मृगाला नोंदीची वही उघडली, तर तेव्हा प्रथम वर्षाला प्रवेश घेणारी तुकडी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिच्या हाती आपल्या गावाचे तीन पावसाळे आणि तीन उन्हाळे असतील. पुढच्या तुकडीने ती वही पुढे न्यावी. दहा वर्षांनी ग्रामपंचायतीपुढे, विमा कंपनीपुढे किंवा धरणाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवायला जिल्ह्याजवळ स्वतःचा कागद असेल.